पहाटेची कॉफी

आमची चार कुटुंबे एकाच धर्मग्रामातली. मुले लहान होती तेव्हापासून, नाताळचे दिवस आटोपले की जानेवारीतल्या एखाद्या शुक्रवारी आम्ही तंबू घेऊन भंडारदऱ्याला जातो. वसईहून निघायचे, कसारा घाट चढायचा, घोटीहून आत वळायचे आणि दिवस कलण्यापूर्वी जलाशयाच्या काठी तंबू ठोकायचे, हा आमचा परिपाठ. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या मागे पसरलेले हे पाणी आम्हाला आता घरच्या विहिरीइतके परिचयाचे झाले आहे. रात्री शेकोटीभोवती जपमाळ, पहाटे धुके विरत असताना सकाळची प्रार्थना आणि प्रार्थना संपताच हातात कॉफीचा पेला. रविवारच्या सायंकाळच्या मिस्सापर्यंत पुन्हा घरी.

एरवी आम्ही सगळे चहाचे भोक्ते. परंतु आमच्यापैकी एकाची काही वर्षे बंगळुरात नोकरी झाली आणि त्याने तिकडची आवड इकडे आणली. तेव्हापासून तंबूतली सकाळ म्हणजे कॉफी, असे समीकरणच होऊन बसले. कॉफी म्हणजे काय, तर मोठ्या पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि पूड एकत्र उकळायची आणि गाळायची. मग पहिली मोठ्या माणसांना, दुसरी मुलांना आणि तिसरी उशिरा उठणाऱ्यांना.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातील एका दांपत्याच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त छायाचित्रांचा फलक करावा म्हणून मुलांनी सर्व घरांतले जुने अल्बम गोळा केले. ते चाळताना एका मुलीने सहज विचारले, "पप्पा, सकाळच्या फोटोंत मम्मी कुठे आहे?"

आम्ही पाहू लागलो. धुके होते, पाणी होते, पहिल्या उन्हात न्हालेला रतनगड होता. शाली पांघरलेले चौघे पुरुष दर वर्षी होते आणि दर वर्षी थोडी उंच होत जाणारी मुले होती. चौघींपैकी एकही नव्हती. एका छायाचित्राच्या कडेला गाळणी धरलेला एक हात तेवढा आला होता. तो कोणाचा, हेही आम्हाला नीट ओळखता येईना.

त्यावर चौघी हसल्या. "कोणीतरी कॉफी करायलाच हवी होती ना!" एक म्हणाली. दुसरी मात्र थोड्या वेळाने शांतपणे म्हणाली, "कॉफी करण्याचा कधी कंटाळा आला नाही. पण प्रार्थनेला तुमच्यासोबत बसायला आवडलं असतं." त्या वाक्यानंतर आमच्यातील चौघांना अल्बमचे पान उलटणे जड गेले. आम्ही एकत्र प्रार्थना करतो, असे इतकी वर्षे मोठ्या अभिमानाने सांगत आलो होतो. प्रत्यक्षात निम्मी माणसे त्या वेळी स्टोव्हपाशी असत.

म्हणून कॉफीचे एखादे साधे साधन निवडावे असे ठरले. दोनच अटी होत्या. ते प्रवासात फुटू नये आणि त्याच्यापाशी कोणाला राखण करीत उभे राहावे लागू नये. ही दुसरी अटच बहुतेकांना भारी पडली.

प्रथम आठवण झाली ती एका घरी फळीवर पडून असलेल्या इटालियन मोका भांड्याची. रोमच्या तीर्थयात्रेहून परतलेल्या नातेवाइकांनी ती भेट दिली होती. १९३३ साली इटलीत निघालेले हे भांडे मोठे हुशार आहे. खालच्या कप्प्यातील पाणी तापले की वाफेच्या दाबाने ते पुडीतून वर चढते आणि वरच्या कप्प्यात कॉफी जमते. पण एका वेळी तीन इवल्याशा पेल्यांपुरतीच. शिवाय आच मंद हवी आणि वरच्या कप्प्यातून फुसफुस होताच ते उतरवायला हवे. म्हणजे राखण आलीच. पर्कोलेटरमध्ये उकळते पाणी त्याच त्या पुडीवरून पुन्हा पुन्हा फिरते. जरा दुर्लक्ष झाले की कॉफी कडू. दट्ट्याने दाबायची फ्रेंच पद्धतीची बरणी सोपी खरी, परंतु ती काचेची होती आणि घाटातल्या वळणांवर आमचा भरवसा नव्हता. कागदी गाळणीवर एकाने पाणी ओतत उभे राहायचे आणि वापरलेले कागद पुन्हा गोळा करून आणायचे. झटपट विरघळणारी कॉफी सर्वांत सोयीची, पण तिला बंगळुरवाल्यांची संमती मिळेना.

अखेर त्यांनीच आपल्या माळ्यावरून दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर काढला. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे, पूड दाबण्यासाठी दांड्याची एक चकती आणि वर झाकण. ना काच, ना रबर, ना कागद. वर पूड घालायची, चकती ठेवायची, उकळते पाणी ओतायचे आणि झोपी जायचे. थेंब थेंब करीत डिकॉक्शन खाली उतरत राहते. सकाळी ते उकळायचे नाही, त्यावर गरम दूध ओतायचे एवढेच. आठ माणसांसाठी सहा मोठे चमचे भरून पूड आणि अर्धा लिटर पाणी, असे प्रमाण आम्ही घरी ठरवून पाहिले.

पहिल्या वर्षी फजिती झाली. रात्रीचे काम आम्हा पुरुषांनी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. पूड फार बारीक दळून आणली होती, त्यात चिकोरी बरीच, आणि ती चकतीने अशी काही ठासली की जणू भिंतीला गिलावा करायचा होता. पहाटे झाकण काढले तर पाणी वर तसेच आणि खाली चमचाभर काळा रस! चौघींनी काही न बोलता पिशवीतून झटपट कॉफीची पुडी काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती. आमच्यावरच्या विश्वासाचे ते मोजमाप होते.

पुढच्या वर्षापासून पूड थोडी जाडसर आणली आणि चकती नुसती टेकवली. दूध तापवण्यासाठी दहा मिनिटे कोणीतरी उठावे लागतेच, म्हणून पुरुषांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फिल्टरने केले ते काम थोडे. खरे काम त्या चिठ्ठीने केले. साधन कितीही सोपे असले तरी ते हाताळणारे हात तेच राहिले, तर कोणाचाच भार उतरत नाही.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या शेवटी एक प्रसंग आहे. शिष्य रात्रभर जाळे टाकून थकलेले, पहाट होत आलेली आणि काठावर पुनरुत्थित प्रभूने स्वतः निखारे पेटवून त्यांच्यासाठी न्याहारी मांडलेली. हा उतारा आम्ही त्या जलाशयाकाठी अनेकदा वाचला होता. पेत्राच्या तीन उत्तरांवर पुष्कळ चिंतनही केले होते. निखारे कोणी पेटवले, याकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते.

यंदाच्या जानेवारीत प्रार्थनेला आम्ही आठही जण एका सतरंजीवर बसलो होतो. समोर रतनगडावर ऊन उतरत होते. धाकट्या मुलाने छायाचित्र काढले. ते थोडे हलले आहे, पण त्यात सगळे आहेत. कॉफी जरा पातळ झाली होती. चौघींनी ती दोन-दोन पेले घेतली आणि पेले धुण्याचे काम कोणाचे, हे त्यांनी आमच्याकडे पाहूनच सुचवले.