मी काय बातम्या द्यायला फोन केलता?

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवलं. त्यात प्रॅग्मॅटिक्सचं एक प्रकरण असायचं. वाक्यातल्या शब्दांचा अर्थ एक, आणि ते वाक्य कोण, कुणाला, कुठं, कशासाठी बोललं यावरून निघणारा अर्थ दुसरा, असा तो विषय. प्रकरण छोटं, त्याला गुण कमी, आणि शिकवायला सोपं. निदान मला सोपं वाटायचं. या विषयात मी वर्गात चुका केल्या आणि घरीही केल्या. घरच्या जास्त महागात पडल्या.

वर्गातली आधी सांगते. इंग्रजी पुस्तकांत मिठाचं एक ठरलेलं वाक्य असतं. जेवताना शेजारच्याला विचारायचं, तू मीठ देऊ शकतोस का? शब्द बघितले तर ही त्याच्या कुवतीची चौकशी. पण "हो, शकतो" म्हणून कुणी जेवत राहत नाही, मीठ पुढं करतो. जॉन सर्ल यांनी 1975 मध्ये अशा आडवळणी बोलण्यावर लिहिलं आणि ते वाक्य जगभरच्या फळ्यांवर गेलं. मी त्याचं मराठी करून आमच्या फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, बघा, आज्ञेपेक्षा प्रश्न किती नम्र! एकदा कवठेमहांकाळकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात कुणी असं इचारलं तर समजायचं, भांडण झालंय."

वर्ग हसला. मीही हसले आणि "अपवाद असतात" म्हणून पुढं गेले.

अपवाद कसला! सातारा-सांगलीकडं मीठ मागायचं तर "मीठ दे की जरा" म्हणतात. व्याकरणानं ती आज्ञाच, पण "की" आणि "जरा" लागले की तिच्यात आर्जव येतं. बसा की, खावा की, ऱ्हावा की आजच्या दिस. उलट घरच्या माणसानं एकाएकी "आपण जेवणार आहात का?" असं विचारलं, तर पुढच्यानं सकाळपासून आपण काय काय बोललो ते आठवायला घ्यावं. आडून विचारणं म्हणजे नम्रपणा, हा इंग्रजीचा रिवाज आहे, सगळ्या भाषांचा नियम नव्हे, हे पोलंडमध्ये जन्मलेल्या ॲना व्हिएझ्बिका यांनी 1985 मध्येच पोलिशची उदाहरणं देऊन दाखवलं होतं. तो लेख माझ्या टाचणात होता. परीक्षेला नव्हता, म्हणून शिकवत नव्हते.

याच काळात मी मुलींच्या वह्यांत लाल शाई सांडत होते. आमच्या भागात खेड्यातल्या मुली आणि बायकाही "मी जातो", "मी आलो" म्हणतात. मी ते खोडून "जाते", "आले" करायची. त्याच मुली माझ्याशी बोलताना "जाते" म्हणायच्या आणि दारातून बाहेर पडता पडता मैत्रिणीला "चल, मी येतो." कुणापुढं काय बोलायचं हे त्यांना चोख कळत होतं. प्रकरणाचं उत्तम उदाहरण रोज माझ्या डोळ्यांपुढून बाहेर जात होतं आणि मी ते चूक म्हणून खोडत होते.

दुसरी चूक वेळापत्रकाची म्हणा हवं तर. भारतीय काव्यशास्त्राचा पेपर दुसरे सर शिकवायचे, त्यामुळं मम्मट त्यांच्याकडं आणि ग्राइस माझ्याकडं. ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली. माणसं एकमेकांना सहकार्य करण्याच्या भरवशावर बोलतात, म्हणून न बोललेलंही ऐकणाऱ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. थोर माणूस, वाद नाही. पण अकराव्या शतकातला मम्मट 'काव्यप्रकाशा'त साधं वाक्य घेतो, सूर्य मावळला, आणि विचारतो, हे कोण ऐकतंय? सेनापतीनं ऐकलं तर हल्ल्याची वेळ झाली, गुराख्यानं ऐकलं तर गाई घराकडं वळवायच्या, मजुरानं ऐकलं तर आजचं काम संपलं. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त घेतलेली गाथा तर आपल्याच मातीतली, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'तली. एक बाई एका धर्मशील माणसाला सांगते की आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीतल्या सिंहानं मारलं. वरवर परवानगी, आणि अर्थ असा की इकडं फिरकू नकोस.

मम्मटाने अर्थ कशाकशावर ठरतो याची यादीही दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, सूर कसा, प्रसंग, ठिकाण, वेळ. त्यात एक बाब अशी की मी ती वाचून सोडून दिली होती: जवळ तिसरं कोण उभं आहे.

ती का सोडायची नव्हती, हे माण तालुक्यातल्या एका गावात कळलं. विद्यार्थ्यांना घेऊन बोलीच्या नोंदी करायला गेलो होतो. बोलीबरोबर दिनक्रमही लिहून घ्यायचा होता. सोप्यात बसून मी सुनेला विचारलं, "पाणी कोण आणतं?" ती म्हणाली, "आम्ही समदीच आणतो की." पलीकडं आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी लिहून घेतलं: सर्व जण. दुपारी हातपंपावर तीच सून एकटी भेटली, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. मी म्हटलं, "बाकीचे कुठं आहेत?" ती नुसती हसली. सकाळचं उत्तर मला नव्हतंच, ते आत्याबाईंना होतं. मी फक्त वाटेत बसले होते. नोंदवहीतलं उत्तर मी बदललं, पण या प्रसंगाचा प्रकरणाशी संबंध लावला नाही. प्रकरण इंग्रजीत होतं ना!

आता 2019.

सांगलीत नदीचं बोलणं फुटांत चालतं. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की "आयर्विनला किती?" हा पहिला प्रश्न. 1929 मध्ये बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फूट इशाऱ्याची आणि पंचेचाळीस धोक्याची. पण हे आकडे सरकारी. नदीकाठच्या माणसाचा स्वतःचा आकडा असतो. "आमच्याकडं बेचाळीसला येतंय" असं तो आपलं घर नदीच्या मापात सांगतो. आमच्या गल्लीचा आकडा 2005 च्या पुरानं ठरवून दिला होता. तेव्हा पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलं होतं. त्यामुळं त्याच्या आतला कुठलाही आकडा आमच्या लेखी नुसती बातमी.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी सगळ्यांच्या मोबाइलवर एक संदेश पाठवायचं ठरवलं. मॅडम मराठीच्या, म्हणून मजकूर माझ्याकडं. मी लिहिलं: "नदीच्या पाणीपातळीत वाढ होत असल्याने सखल भागातील नागरिकांनी वेळीच सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." शुद्धलेखन निर्दोष. लोकांनी वाचलं, हात जोडल्याचं चित्र टाकलं, पुढं पाठवलं. जागचं कुणी हललं नाही.

आज ते वाक्य बघितलं की अंगावर काटा येतो. सखल भाग म्हणजे कुठला? आपलं घर सखल भागात आहे असं सांगलीत कुणाला वाटत नाही, सखल भाग नेहमी पलीकडच्या गल्लीत असतो. नागरिक म्हणजे कोण? आपल्या उंबऱ्यात कुणी नागरिक नसतं, कुणी काकू असतं, कुणी अण्णा. आणि "करावे" हे क्रियापद लोकांनी आजवर "येथे थुंकू नये" अशा पाट्यांशेजारीच पाहिलेलं. सूचना देण्याचा अधिकार असलेला माणूस, योग्य प्रसंग आणि योग्य ऐकणारा जुळून आले, तरच बोलण्यानं काम होतं, हे ऑस्टिन यांनी 1955 च्या व्याख्यानांत सांगितलं होतं. मी त्यावर टिपणं देत असे. आणि वेळ आल्यावर कलेक्टर कचेरीच्या आवाजात शेजाऱ्यांशी बोलले.

त्याच संध्याकाळी धाकट्या भावाचा कऱ्हाडहून फोन आला. "आक्का, कोयनेचं दरवाजं आणखी उचलल्यात."

मी म्हटलं, "हो, वाचलं. तिकडं पाऊस कसाय?"

"लई हाय."

मग थोडं पावसाचं बोलणं झालं, पोरांची चौकशी झाली आणि फोन ठेवला.

कोयना धरण पाटण तालुक्यात. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं आणि तिथून खाली आमच्याकडं येतं. पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सोडले, ही पावसाळ्यात इतकी नेहमीची बातमी की कुणी मान वर करत नाही. सहा वक्र दरवाजे वर वर जायला लागले की मात्र कऱ्हाडकरानं सांगलीच्या बहिणीला केलेल्या फोनचा एकच अर्थ असतो. मम्मटाचा सूर्य मावळला होता, आणि मी सूर्यास्ताची वेळ विचारत बसले होते.

पुढं भेटल्यावर तो उखडलाच. "मी काय बातम्या द्यायला फोन केलता?"

"मग सरळ निघा म्हणायचं की."

"भरल्या घराला घर सोडा म्हणायचं? आणि दाजी काय म्हणलं असतं?"

बरोबरच होतं त्याचं. बहिणीच्या सासरी, तिच्या नवऱ्याच्या घरात काय करायचं ते धाकट्या मेहुण्यानं सांगायचं नसतं. म्हणून तो दरवाज्यांबद्दल बोलला आणि बाकीचं माझ्यावर सोडलं. संदर्भ म्हणजे वाक्याच्या भोवतालची परिस्थिती, अशी व्याख्या मी वर्गात लिहून द्यायची. पण या माणसाला या माणसापुढं काय बोलता येत नाही, हे ठाऊक असल्याशिवाय तो जे बोलतो त्याला शेंडा ना बुडखा. माणमधली सून, माझा भाऊ, दोघांच्याही बाबतीत मी बोललेल्या वाक्यावरच थांबले.

गल्ली शेवटी हलवली ती तालमीतल्या एका पोरानं. दार वाजवून म्हणाला, "काकू, आयर्विनला पन्नास व्हायला आलं. रातच्याला तुमच्या पायरीला पाणी येतंय. टेम्पो कोपऱ्यावर हाय, साडेनऊपतोर थांबतोय." तुमची पायरी, आजची रात्र, कोपऱ्यावरचा टेम्पो. प्रत्येक दारात पायरी त्या त्या घराची. अर्ध्या तासात पिशव्या बाहेर आल्या. ते पोर माझ्याच महाविद्यालयात बी.ए.ला दोनदा नापास झालेलं.

पाणी त्या वर्षी आयर्विनला 57 फुटांवर गेलं. आमची खालच्या मजल्यावरची पुस्तकं गेली. फोन कळला असता तर वरच्या मजल्यावर न्यायला वेळ होता. पण ती चूक माझी, भोगलीही मीच. शेजारच्या मावशींचं तसं नाही.

टेम्पो सुटायच्या आधी मी त्यांना हाक मारली. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही व्हा म्होरं, मी आलोच." मी टेम्पोत जाऊन बसले. साडेनऊ वाजले, टेम्पो निघाला, मला वाटलं मागच्या गाडीनं येतील. दुसऱ्या दिवशी त्यांना होडीतून काढलं. त्यांची एक म्हैस परसातल्या पत्र्याखाली असते. रात्रीतून त्यांनी ती वरच्या रस्त्याला नेऊन बांधली, मग वैरण न्यायला परत आल्या आणि पाण्यानं अडकल्या. त्याही वाचल्या, म्हैसही.

पाणी ओसरल्यावर दोघी चिखल काढत होतो. मी म्हटलं, "मावशी, येणार नव्हता तर तेव्हाच सांगायचं."

"म्हशीचं कुणी इचारलंच न्हाय."

"तुम्ही बोलायचं की."

"टेम्पोत माणसं मावत न्हवती," त्या म्हणाल्या. "तितं समद्यांम्होरं म्हशीचं काय बोलायचं?"

परत तेच, तिसरं कोण उभं आहे. "आलोच" हा शब्द आमच्याकडं लगेच येतो म्हणूनही वापरतात, आणि मला सोडा म्हणूनही. कुठला कुठं, हे मला लहानपणापासून कळतं, आणि म्हैस तर मी रोज बघत होते. पण टेम्पोच्या घाईत मला पहिला अर्थ सोयीचा होता.

जुलै 2021 मध्ये पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली. तेव्हा आमच्या गल्लीला संदेशाची गरज पडली नाही. 2019 च्या पाण्याचा डाग भिंतीवर होता, त्यामुळं पंचेचाळीस म्हटल्यावरच लोक सामान वर चढवायला लागले. मावशींनी म्हैस आदल्या दिवशीच भाचीकडं पोचवली.

निवृत्त होण्याआधीच्या परीक्षेत मी मिठाचं वाक्य काढून टाकलं आणि "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच" या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा, असा प्रश्न घातला. बहुतेकांनी माझ्या जुन्या टिपणांतली व्याख्या उतरवली. एका मुलानं लिहिलं की बोलणारं माणूस कोण, कुणाशी बोलतंय, मागं त्याचं काय राहिलंय, हे प्रश्नात दिलेलं नाही, सबब अर्थ सांगता येत नाही. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मॉडरेटरांनी ते खोडून शून्य केले. मी पत्र लिहिलं, आणि त्यावर जे उत्तर आलं त्यात "आपल्या पत्राची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे" असं होतं. त्याचा अर्थ मात्र मला लगेच कळला.