चौंडीतली आठ वर्षं

लेकीचं जन्मगाव म्हणजे तिचं माहेर, आणि ते सुटायचंच. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी तर फारच लवकर सुटलं. जन्म ३१ मे १७२५ चा, लग्न १७३३ मधलं. पुढे अठ्ठावीस वर्षं माळव्याचा कारभार हाकणाऱ्या बाईला जन्मगाव लाभलं ते जेमतेम आठ वर्षं.

बहारीनहून सुट्टीला आले होते, तेव्हा लेकीला घेऊन चौंडीला गेले. जामखेड मागे पडलं की काळं रान, बाभळी, मध्येच रस्ता अडवून चाललेली मेंढरं. सीनाकाठच्या या गावात शिंद्यांची गढी आहे. बाहेर पायांना चटके बसत होते. आतल्या दगडी भिंतीला तळवा लावला तर गारवा थेट मनगटापर्यंत आला. शेजारी काही बायका उंबरठ्यावर डोकं टेकवत होत्या. त्यांतली एक नातीला सांगत होती, “इथंच मल्हाररावांनी पोरीला बघितलं बरं का.”

ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला, देवळात मुलगी दिसली, सुभेदारांनी तिला सून करून घेतली. मल्हाररावांची पारख मोठी होतीच. पण त्यांना जे दिसलं ते घडलं होतं माणकोजी आणि सुशीलाबाई शिंद्यांच्या घरात. मुलींना अक्षरओळख करून द्यायची रीत नव्हती, तेव्हा गावच्या या पाटलानं लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. १७६५ मध्ये मल्हारराव सुनेला पत्रातून ग्वाल्हेरच्या मोहिमेसाठी तोफखान्याच्या सूचना धाडतात, तेव्हा मला माणकोजी आठवतात. ते पत्र वाचणारे डोळे चौंडीत तयार झाले होते.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले. त्या सती जायला निघाल्या, सासऱ्यांनी विनवून थांबवलं. मग १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. दौलत घशात घालायला पेशव्यांचे राघोबादादा फौज घेऊन आले, तेव्हा ही विधवा लढायला उभी राहिली आणि त्यांना परतावं लागलं.

साधारण त्याच सुमारास, १७६८ च्या आसपास, हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका गुहेत काआहुमानू जन्मली असं सांगतात. नवरा कामेहामेहा राजा १८१९ मध्ये वारला आणि तिनं राज्याचा अर्धा भार स्वतःकडे घेतला. बाईनं पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, हा तिथला कडक निर्बंध. तिनं तरुण राजाला बायकांसोबत जेवायला बसवलं आणि तो निर्बंध त्याच वर्षी मोडीत निघाला. ती गुहाही लोक बघायला जातात. दोघी विधवा, दोघींनी ठरवून दिलेली जागा नाकारली. त्यांची जन्मस्थळं पाहावीशी वाटतात ती यासाठीच.

बहारीनमध्ये, सनाबिसला आमच्या घराजवळ मातम, म्हणजे शोकसभांची सभागृहं आहेत. मुहर्रमात बायका तिथे जमून इमाम हुसेनच्या बहिणीची, जैनबची कथा ऐकतात: करबलानंतर कैद होऊन दमास्कसला नेलेली, यझीदच्या दरबारात ताठ मानेनं बोललेली. शेजारीण मला ती सांगते तेव्हा तिचा आवाज भरून येतो. मीही तिला अहिल्याबाई सांगते. काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० मध्ये त्यांनी पुन्हा उभारलं. सोमनाथ, गया, सगळं स्वतःच्या राज्याबाहेरचं.

चौंडीत लेकीनं विचारलं, “आई, ती परत इथे राहायला आली का गं?” राहायला नाही, म्हटलं. राजधानी महेश्वरला, नर्मदेकाठी. १३ ऑगस्ट १७९५ ला तिथेच गेल्या.

त्या गढीत मला एक दालन हवं आहे, फक्त त्या आठ वर्षांचं. माणकोजींनी मुलीसमोर पाटी कशी धरली असेल, सुशीलाबाईंनी तिला काय काय सांगितलं असेल, त्या काळातल्या पाटलाच्या घरात दिवस कसा जाई, हे तिथे येणाऱ्या पोरींना बघायला मिळायला हवं. मल्हाररावांची स्वारी गावात येण्याआधीचं.