निवू दे की जरा

लेक नागपूरला शिकते. सुट्टी संपली आणि परवा दुपारच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसनं ती निघायची होती. कोल्हापूरहून सुटलेली ही गाडी गोंदियाला पोचेपर्यंत १३०० किलोमीटरहून जास्त धावते, पण महाराष्ट्राची हद्द काही ओलांडत नाही. सांगलीला दुपारी चढायचं, रात्री पुणं, सकाळी भुसावळ, अकोला, मग बडनेरा, वर्धा करत नागपूर. एवढ्या वाटेला डबाही तसाच भरावा लागतो. जेवायला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मधल्या वेळेला भडंग आणि तासगावचे बेदाणे. भडंग पुण्याच्या आतच संपतं, कारण समोरच्या बाकावरच्या लहान मुलापुढे पुडा केल्याशिवाय आपल्या घशाखाली घास उतरत नाही. नानकटाई मात्र वसतिगृहापर्यंत पोचावी लागते. तिथं तिची वाट बघणाऱ्या मैत्रिणी असतात.

म्हणून पहाटेच उठले. आमचं घर गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. त्या वेळी नदीकडून येणारा वारा स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट ओट्यावर उतरतो. बाहेर शेवग्याची फुलं रात्रभर गळून पायरीवर पसरलेली. शेजारच्या काकूंच्या दारात पाण्याचा सडा पडल्याचा आवाज. दुधाची किटली कुठंतरी फाटकावर वाजली. हे सगळं रोजचंच. पण घरातलं कुणी जायचं असलं, की त्या दिवशी रोजचंही नीट दिसतं.

परातीत वाटीभर थिजलेलं तूप घेतलं आणि तळहातानं फेसायला लागले. पिवळसर तूप फेसता फेसता पांढरं होत जातं, हलकं होतं, तळहाताखाली सायीसारखं सरकायला लागतं. मग वाटीभर पिठीसाखर, पुन्हा फेसणं. त्यात दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, वेलदोडा, किसलेलं जायफळ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाण्याचा थेंबही नाही. नानकटाई टिकते ती याचमुळे. दमट पदार्थाला प्रवास सोसत नाही. गोळे वळून, तळव्यात किंचित दाबून पत्र्यावर ठेवले, अंतर राखून, कारण भाजताना त्या पसरतात. ओव्हन १६० अंशांवर तापलेला होता. वीस मिनिटांत वर भेगा पडल्या आणि घरभर तुपाचा, वेलदोड्याचा वास भरला.

त्या वासानं लेक उठून आली. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले. सरळ पत्र्याकडे हात.

"अगं, निवू दे की जरा," मी म्हटलं. पण तोवर तिनं एक उचललीच होती. बोटांत मधोमध मोडली आणि तिचा रवाळ भुगा ओट्यावर सांडला.

हे वाक्य माझ्या आईचं. मी लहान असताना घरात ओव्हन नव्हता. मे महिन्यात मैदा, साखर, रवा, डालडा असं सगळं डब्यात भरून आम्ही बेकरीत जायचो. गल्लीतल्या चार-पाच बायका एकत्र. तिथं जमिनीवर बसून बायका गोळे वळायच्या, आम्ही पोरं त्यांवर चारोळी दाबायचो. काळे पडलेले पत्रे भरले, की बेकरीवाले मामा लांब दांड्यानं ते भट्टीत सरकवायचे. आपला पत्रा कुठला हे लक्षात ठेवणं हे माझं काम होतं. पत्रा बाहेर आला, की आम्ही धावायचो आणि आई हात आडवा धरायची. गरम बिस्किटं डब्यात भरू द्यायची नाही. उलटी पाटी अंथरून, वर जुनं धोतर टाकून ती तिथंच पसरायची आणि आम्ही सगळे भोवती बसून राहायचो. तेव्हा तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. आज आठवतं ते सगळं त्याच वेळातलं आहे. बायकांच्या गप्पा, भट्टीची धग, आईच्या कपाळावरचा घाम.

गरम नानकटाई मऊ असते, कारण तिच्यातलं तूप अजून पातळ असतं. ते थिजलं, की तिला अंग येतं, खुसखुशीतपणा येतो. आणि गरम असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेचं पाणी होऊन पुन्हा तिच्यावरच ठिबकतं. भट्टीतून निघाली म्हणजे नानकटाई झाली असं नाही. तिची शेवटची पायरी घरातल्या वाऱ्यावर पडून राहण्याची.

मराठीत निवणं हा शब्द किती मायेचा आहे! दूध निवतं, ताप निवतो, कुणाला बघून डोळे निवतात, कुणी सुखरूप पोचल्याचं कळलं की जीव निवतो. जे जे तापलेलं आहे त्या सगळ्यासाठी एकच शब्द. तो म्हणताना कुणी कुणाला घाई करत नाही.

एकदा मात्र आम्ही न निवता घर सोडलं. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळचं पाणी तासातासाला वर चढत होतं. १९२९ साली बांधून झालेला हा पूल. आमच्याकडे पावसाळ्यात नदीची नाडी त्याच्याच खांबांवर बघतात. ओव्हन कसाबसा माळ्यावर चढवला आणि होडीत बसलो. आयुष्यातला तो एकच प्रवास, ज्यात माझ्या हातात खाण्याचा डबा नव्हता. रात्री एका शाळेच्या वर्गात अनोळखी बाईनं चपाती आणि सुकी भाजी पुढं केली. चपाती अजून कोमट होती. ती खाताना मी रडले. घर बुडालं म्हणून रडले असं लेकीला तेव्हा वाटलं. खरं तर कुणीतरी, कुठल्यातरी ओट्यापाशी उभं राहून, माझ्यासाठी ती भाजली होती, म्हणून रडले. पुराची रेघ कुंपणाच्या भिंतीवर अजून आहे. ती मी रंगवू दिलेली नाही.

परवा मोडलेल्या नानकटाईचा भुगा लेकीनं बोटानं टिपून खाल्ला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. पत्रा मध्ये होता. आम्ही विशेष काही बोललो नाही. शेवग्यावर पोपट आले होते ते बघितले. तिनं वसतिगृहातल्या खिडकीबद्दल सांगितलं. तिथून पाण्याची टाकी दिसते म्हणे. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "निघाली का गं?" ती म्हणाली, "दुपारी, काकू." मग पुन्हा शांत. मधूनच ती एका नानकटाईवर बोट टेकवायची. "अजून कोमट आहे," म्हणायची आणि हात मागं घ्यायची. तिलाही आता घाई नव्हती.

दुपारी स्टेशनवरून परत आले. पत्रा ओट्यावर तसाच होता. त्यावर तुपाचे गोल डाग, ओळीनं, आणि एका डागाभोवती थोडा भुगा. पत्रा धुवायला घेतला, पाण्याचा नळ सोडला, आणि बंद केला. म्हटलं, राहू दे थोडा वेळ. खिडकीतून नदीकडचा वारा येत होता. मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसले.