पास

माझा पहिला एकटीचा फोटो निघाला तो एसटीच्या पाससाठी. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढची आठ किलोमीटरवर. आई त्या चौथीवरच थांबली होती. तिच्या वेळी तिकिटाला पैसे निघायचे ते मामांसाठी. 1996-97 मध्ये अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आली, खेड्यातल्या मुलींना शाळेचा प्रवास मोफत झाला आणि तिकिटाच्या पैशांवरून चाललेला आमच्या घरातला वाद मिटला. दप्तरात एखादं पुस्तक विसरायचं, पास कधीच नाही.

तो दहावीपर्यंतच होता. निकाल लागला आणि गाडीतल्या कितीतरी जणींची लग्नं ठरली. हुशार होत्या. घरच्यांचं म्हणणं एकच: कॉलेज तालुक्याला, सुटायला संध्याकाळ, शेवटची गाडी चुकली तर पोरीनं करायचं काय? हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. फाट्यापासून गावापर्यंत सगळा अंधार, त्यात ओढा भरला की गाडी फाट्यावरूनच माघारी. माझे वडील बॅटरी घेऊन तिथं उभे राहत, म्हणून मी शिकले. ज्यांचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, त्यांच्यासाठी कोण उभं राहणार होतं?

आता पास बारावीपर्यंत चालतो. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या, शाळकरी मुलींसाठीच्या गाड्याही धावतात. पण 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या उघडतात न उघडतात तोच 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढल्या एप्रिलपर्यंत लांबला. संपकऱ्यांची ओढाताण खरीच होती. तरी थोरल्या भाचीच्या वर्गातल्या काही जणी त्याच काळात सासरी गेल्या, हेही खरं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर जणींपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आधीच्या पाहणीत त्या 26 होत्या. सुधारणा आहे, पण वर्गात शंभर मुली बसलेल्या डोळ्यांपुढे आणल्या की बावीस बाकं रिकामी दिसतात.

धाकटी भाची आज त्याच वाटेनं जाते. दिवसभर पाणी पीत नाही, कारण वाटेत कुठं जायची सोय नाही. डोकं दुखतं, तरी जाते. मुली बदलल्या आहेत: या वर्षी त्यांनी ग्रामसभेत अर्ज दिला. फाट्यावर दिवा, मुलींसाठी संडास, आणि संध्याकाळच्या गाडीसाठी गावानं ठराव करावा. दिव्याला मंजुरी मिळाली आहे. संडासाच्या जागेवरून वाद चालू आहे, आणि पुढच्या सभेलाही त्या जाणार आहेत.