गाडी घरात, आम्ही दारात

जगात माणसांचे दोनच वर्ग आहेत. ज्यांच्याकडे गॅरेज आहे ते, आणि ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते. पहिल्या वर्गाच्या गॅरेजात जुने कूलर, तडा गेलेले माठ आणि लग्नात आलेली पण कधीच न उघडलेली भांडी सुखाने नांदतात. दुसऱ्या वर्गाची गाडी रस्त्यावर असते आणि जीव गाडीत असतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत राहणारा मी या दुसऱ्या वर्गाचा आजीव सभासद आहे.

आमची गाडी म्हणजे बाबांची येझदी रोडकिंग. माझ्याहून दोन-चार वर्षांनी धाकटी, त्यामुळे घरात तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त झाले. ती घडवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 मध्ये बंद पडली. 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीने येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले, तेव्हा मी पेपर घेऊन मोठ्या उत्साहाने बाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा न लावताच निकाल दिला, "नाव परत येणं वेगळं आणि माणूस परत येणं वेगळं."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यातून बँकेतला कारकून. (2024 च्या वेतन करारानंतर आमच्या पदाला भारदस्त इंग्रजी नाव मिळाले, खुर्ची मात्र तीच, डावीकडे कलणारी.) हिशेबाने पाहिले तर दरसाल पंधरा टक्के घसारा काढीत गेल्यास चाळीस वर्षांनी गाडीच्या किमतीतल्या हजार रुपयांमागे दीड रुपया उरतो. एवढ्या पुस्तकी किमतीच्या वस्तूसाठी कोणी झोप घालवू नये. पण बाबांच्या पुस्तकात घसारा हे खातेच नाही. विम्याचे म्हणाल तर कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा. म्हणजे आमच्या गाडीने दुसऱ्याला धडक दिली तर त्याची सोय आहे. दुसऱ्याने आमची गाडीच नेली तर आमची नाही.

तेव्हा गाडी सांभाळायची ती आपली आपणच. शेजारच्या भाऊंचे म्हणणे असे की, येझदीला राखण लागतच नाही. तिची किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तोच उभा केला की किक आणि आडवा केला की गिअर. "आजकालचा चोर बटन दाबणारा, भाऊ. तो दांड्याशी झटापट करता करताच घामाघूम होऊन पळून जाईन." ही मसलत मी आमच्या मिस्त्रीला ऐकवली. त्याने पाना खाली ठेवला. "काऊन मजाक करून राहिले? चोर गाडी चालवत नेते थोडी! चार पोट्टे येतेत, उचलतेत अन् छोट्या हत्तीत टाकून नेतेत."

त्या दिवशी मिस्त्रीने मला जे शास्त्र शिकवले ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवले नव्हते. नुसते हँडल लॉक म्हणजे गाडी हलणार नाही एवढीच हमी. उचलायला कोणाची हरकत नसते. साखळी पुढच्या चाकाला बांधू नये, कारण पुढचे चाक सहज निघते आणि मग सकाळी आपल्याकडे साखळीसकट एक चाक तेवढे शिल्लक राहते. साखळी मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून ओवावी, न हलणाऱ्या वस्तूला बांधावी, आणि जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवरच्या कुलपाला फरशीचा आधार मिळतो आणि वरून घण घालणे सोपे जाते. लोंबते कुलूप हातोडीला दाद देत नाही.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. याला जोड ताबा म्हणतात. हे तत्त्व मी घरी लागू केले. गाडीची किल्ली माझ्याकडे आणि साखळीची सौभाग्यवतींकडे. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्यासाठी मला मंजुरी लागते, आणि ती भाजी, दळण व गॅसचा नंबर या तीन अटींवरच मिळते.

पण साखळी रस्त्यावर बांधणार कशाला? विजेच्या खांबाला बांधली तर खांबवाले रागावतात आणि दुसऱ्याच्या जिन्याला बांधली तर जिनेवाले. शिवाय कायदासुद्धा गाडी आत घ्या असेच सुचवतो. जुन्या दंडविधानात साध्या चोरीला कलम 379 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम 380 खाली सात वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, आकडे 303 आणि 305 झाले, पण तीन आणि सात कायम राहिले. म्हणजे ओट्याखाली तीन वर्षे आणि उंबऱ्याच्या आत सात! एका पायरीने गाडीची इज्जत इतकी वाढत असेल तर ती पायरी चढलीच पाहिजे.

आमच्या ओसरीच्या भिंतीत एक लोखंडी कडी आहे. पणजोबांच्या काळी तिथे गोऱ्हा बांधत. साखळीला याहून चांगली जागा नव्हती. प्रश्न होता तो दीड फूट उंच ओट्याचा. त्यावर सहा फुटी फळी हा उपाय निघाला. फळी आखूड असली की चढ उभा होतो आणि गाडी चढताना मागे येते. तिच्याखाली मग आपण असतो. फळी लांब हवी, वर पकड बसायला पट्ट्या ठोकलेल्या हव्यात, आणि रात्री ती आत घ्यावी. बाहेर ठेवली तर चोराची सोय होते आणि दिवसा अतिक्रमणवाल्यांची.

गाडी घरात आली की तिच्याबरोबर पेट्रोलचा वास येतो. ओसरीला लागूनच देवघर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाते, आणि थंडीच्या दिवसांतही ठिणगी मिळाली की पेटते. म्हणून गाडी आत घेताना पेट्रोलचा कॉक बंद, ओसरीची खालची जाळी उघडी, आणि टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण नागपूरच्या मे महिन्यात माणसासारखे पेट्रोलही फुगते. गाडी आत कधीच सुरू करायची नाही. तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही. एवढे करूनही सौभाग्यवतींनी देव आतल्या खोलीत हलवले. "देवांना जागा बदलून चालते, तुमच्या गाडीला नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्या "तुमच्या"वरचा जोर मी इथे छापू शकत नाही.

रोजची ही कसरत पाहून गवंड्याने कायमचा तोडगा सुचवला. "अर्धा ओटा फोडून टाकू ना भाऊ. मस्त उतार करून देतो. गाडी सर्रकन आत."

त्या ओट्यावर बाबा बसतात. संध्याकाळी पाचला सतरंजी टाकून बसायचे आणि रात्री नऊला उठायचे, हा क्रम ते निवृत्त झाल्यापासून चालू आहे. गेल्या चार वर्षांपासून गुडघ्यांमुळे त्यांचे गाडीवर बसणे बंद झाले. उरला तो ओटा. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "फोडा. मी खुर्चीवर बसीन आत." आणि सतरंजीची गुंडाळी करू लागले.

मी गवंड्याला चहा पाजून परत पाठवले. लोकांना कारण सांगितले ते पावसाचे, आणि ते खरेही होते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात असा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि तळमजल्यांवरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. जुन्या लोकांनी ओटे बांधले ते गप्पांसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. ओटा फोडून उतार केला की गाडीबरोबर गल्लीतला पाऊसही सर्रकन आत.

दुसरे कारण माझ्यातल्या कारकुनाला सापडले. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हापासून बाबा उठेपर्यंत गाडी ओट्याखालीच उभी असते. कुलूप नाही, साखळी नाही, कधीकधी तर किल्लीही गाडीलाच. आजवर तिला कोणी हात लावला नाही. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला बाबा विचारतात, "कोणाकडे आलात?" पाहुणा असो, कुरिअरवाला असो की नुसता वाट चुकलेला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आलेल्या पोरांचीसुद्धा आधी वंशावळ तपासली जाते. पलीकडच्या फ्लॅट स्कीममध्ये चार कॅमेरे आहेत. तिथली गाडी गेली तेव्हा कॅमेऱ्यात चोर फार छान दिसला. त्याला "कोणाकडे आलात?" असे कोणी विचारले नव्हते.

म्हणून ओटा आहे, फळीही आहे. रात्री नऊला बाबा उठले की मी फळी लावतो, सौभाग्यवती मागून लोटतात, गाडी कडीला बांधली जाते, आणि आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, "गाडी आली का आत?" "आली," असे म्हटले की दिवा बंद होतो.

मागच्या 31 मार्चला वार्षिक हिशेब संपता संपता बाराचा ठोका पडला. बाहेर येऊन पाहतो तो मागचे चाक बसलेले. गाडी बँकेतच पहारेकऱ्याच्या हवाली केली आणि ऑटोने घरी आलो. आतला दिवा जळत होता.

"गाडी आली का आत?"

"नाही बाबा. पंक्चर झाली, बँकेतच ठेवली. मी आलोय."

"बरं," बाबा म्हणाले आणि दिवा बंद झाला.