वहीतला प्रभाग

आज आमच्या नगरसेविका सोसायटीच्या आवारात आल्या आणि वही उघडून एकेक काम सांगत गेल्या. गटारांवर झाकणं बसली, रस्त्याची निविदा निघाली, बागेचा प्रस्ताव मात्र पुढे सरकलेला नाही. न झालेलं कामही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, याचं मोल मला जास्त वाटतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, ‘‘ताई, पाणी पहाटेऐवजी जरा उशिरा नाही का येणार?’’ तेही वहीत उतरलं.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने त्या २०११मध्ये निम्म्यावर नेल्या. तरीही मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर मुंबईसारख्या महापालिकेचा कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक रस्ते बांधू शकतो, पण आजींचा प्रश्न घेऊन सभागृहात उभं राहायला त्यांनीच निवडलेलं माणूस लागतं.

अर्थसंकल्पात आपल्या प्रभागाच्या वाट्याला काय आलं, कोणता ठराव मंजूर झाला, हे कळणं हा आपला हक्क आहे. आणि ते ऐकायला, विचारायला खाली उतरणं हे आपलं काम. पुढच्या बैठकीला मी शेजाऱ्यांनाही सोबत नेणार आहे.