राष्ट्रांचीं नांवें छापणारें गांव

नाशिकरोड स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू सरळ रामकुंडाची वाट धरतो. स्नान, काळारामाचें दर्शन, सीतागुंफा, इतकें झालें म्हणजे त्याची यात्रा पुरी होते. स्टेशनाच्या बाजूला उभ्या असलेल्या सरकारी छापखान्यांकडे त्याचें लक्ष जात नाहीं. आम्ही या खेपेस मुद्दाम त्या बाजूनें फिरून आलों. आंत जाण्याची मुभा नाहीं, व तें योग्यच आहे. जेथें नोटा छापतात तेथें पाहुण्यांची वर्दळ कोण ठेवील?

पूर्वी आपलीं टपाल-तिकिटें विलायतेंतील डे ला रू कंपनीकडून येत. १९२५ च्या सुमारास तें काम इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्यें होऊं लागलें, व १९२८ पासून नोटाही येथेंच निघूं लागल्या.

रामकुंडावर उपाध्ये आपलें आडनांव, गांव, गोत्र विचारतात, वही उघडतात, आणि पणजोबांचें नांव निघालें कीं आपली ओळख पटते. नव्या राष्ट्रालाही कोणी तरी असें ओळखावें लागतें. वर्तमानपत्रांत त्याला राजनैतिक मान्यता म्हणतात. पण सामान्य माणसाला वकिलातींचे खलिते थोडेच दिसतात? त्याच्या हातीं येतें तें तिकीट आणि नोट.

१९४७ च्या ऑगस्टांत पाकिस्तान झालें, तेव्हां आपल्याच तिकिटांवर, सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्यासह, 'पाकिस्तान' हीं अक्षरें नाशिकरोडला उमटविलीं गेलीं. तीं १ ऑक्टोबर १९४७ पासून तिकडे विकलीं जाऊं लागलीं. आपल्या स्वतंत्र देशाचें तिरंग्याचें तिकीट निघालें २१ नोव्हेंबरास! म्हणजे शेजाऱ्याचें नांव येथें आपल्या आधीं छापलें गेलें. १९४८ च्या एप्रिलांत तशाच नोटाही निघाल्या, त्यांवर इंग्रजींत व उर्दूंत पाकिस्तान सरकारचें नांव. त्या वेळीं काश्मिरांत लढाई चालू होती, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. तरीही ठरलेलें काम पार पडलें, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

पुढें पूर्व बंगालचा प्रश्न चिघळला. ६ डिसेंबर १९७१ रोजीं हिंदुस्थानानें बांगला देशास मान्यता दिली. पाकिस्तानानें त्याच दिवशीं आपल्याशीं राजनैतिक संबंध तोडले. डाका १६ डिसेंबरास मुक्त झालें. नव्या सरकारापाशीं स्वतःच्या नोटा नव्हत्या. पुन्हां नाशिकरोडच! १९५२ च्या भाषा-हुतात्म्यांच्या स्मारकाचें, शहीद मिनाराचें, वीस पैशांचें तिकीट २१ फेब्रुवारी १९७२ रोजीं निघालें. ४ मार्चला एक टका व शंभर टक्यांच्या नोटा आल्या. त्यांवर नव्या देशाचा नकाशा होता. ज्या डाक्याच्या पोस्टांत १९४७ साली नाशिकचीं अक्षरें गेलीं, तेथें पंचवीस वर्षांनीं दुसऱ्या नांवाचीं गेलीं.

आपला पैसा परक्या घरीं छापला जावा, हें स्वाभिमानी लोकांस फार दिवस रुचत नाहीं. त्या नोटा लौकरच मागें घेतल्या गेल्या, आणि कालांतरानें गाझीपूरला बांगला देशाचा स्वतःचा छापखाना झाला.

संयुक्त राष्ट्रसंघाचें दार मात्र सहज उघडलें नाहीं. १९७२ साली चीननें नकाराधिकार वापरला. पाकिस्तानानें मान्यता दिली ती लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या वेळीं, २२ फेब्रुवारी १९७४ रोजीं. शहीद मिनाराचें तें तिकीट निघून तेव्हां दोन वर्षें आणि एक दिवस झाला होता.